विहिरीतल्या मोटरीसाठी घेतलेला दोर आणि त्यात टिकणारी गाठ

विहिरीतली पाणबुडी मोटर टांगण्यासाठी तालुक्याच्या बाजारातून १२ मिलिमीटर जाडीचा, तीन पदरी, हिरवा दोर घेतला. दुकानदाराने तो नायलॉनचा म्हणून दिला. पण कापलेला तुकडा बादलीत टाकला तर तो तरंगत राहिला. नायलॉन पाण्यात बुडतो, त्यामुळे हा नायलॉनचा नाही, याविषयी शंका उरली नाही; बहुधा हा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे पीपीचा दोर आहे. चकचकीत दिसणाऱ्या प्रत्येक दोराला सरसकट नायलॉन म्हणण्याची पद्धत असल्यामुळे ही परीक्षा दुकानातच करून घ्यावी.

पीपी असणे हा या कामात मात्र दोष नाही. हा दोर पाणी शोषत नाही, कुजत नाही आणि वजनाला हलका असल्यामुळे किलोच्या भावाने घेताना त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा जास्त लांबी पदरात पडते. खरी अडचण गाठीची आहे. काथ्याच्या खरखरीत दोरात गाठ आपोआप रुतून बसते. हा दोर गुळगुळीत आणि नवेपणी ताठ असल्यामुळे ताण गेला की गाठ सैल होऊ लागते.

मोटरीच्या कडीत सरकफास चालत नाही. तिथे न आवळणारा आणि न सरकणारा फास हवा, आणि त्यासाठी स्काउटमध्ये शिकवली जाणारी बोलाइन गाठ योग्य ठरते. शेंडा, म्हणजे दोराचे मोकळे टोक, आधी कडीतून ओवून घ्यावा, उभ्या दोरावर, म्हणजे काठाकडे वर जाणाऱ्या भागावर, शेंड्याकडची बाजू वर येईल असे लहान वेटोळे करावे, शेंडा त्यातून खालून वर काढून उभ्या दोराच्या मागून फिरवावा आणि त्याच वेटोळ्यातून परत खाली आणून सगळे पदर एकेक करून आवळावेत. साध्या बोलाइनवर हा दोर भरवशाचा नाही: मोटर सुरू होताना बसणारे हिसके आणि वर ओढताना मध्येच येणारी ढिलाई यांमुळे शेंडा हळूहळू मागे सरकतो. म्हणून एकाऐवजी दोन वेटोळी घालून दुहेरी बोलाइन बांधावी, शेंडा वीतभर तरी मोकळा सोडावा आणि तो फासाच्या शेजारच्या पदराभोवती गुंडाळून वेगळ्या गाठीने अडकवावा. अशी बांधलेली गाठ टिकते, आणि मोटर वर काढल्यावर उभ्या दोरामागून फिरलेली कमान अंगठ्याने मोडली की विनासायास सुटते.

गाठीमुळे दोराची ताकद साधारणपणे पाव ते एक तृतीयांशाने घटते, तेव्हा वेष्टनावर दिलेल्या ताकदीच्या आकड्याला मोटरीचे वजन जेमतेम जुळवणे धोक्याचे आहे. दुकानात दोर कापून देताना टोके तशीच सोडतात आणि पीळ लगेच उलगडू लागतो. ती मेणबत्तीच्या ज्योतीवर वितळवून घ्यावीत, मात्र गरम टोक बोटांनी दाबू नये, चटका जबर बसतो.

पाण्यातला भाग वर्षानुवर्षे चांगला राहील; काळजी आहे ती काठावर उन्हात असलेल्या भागाची, कारण सूर्यप्रकाशाने पीपी ठिसूळ होते. तिथे हात फिरवल्यावर भुकटी लागू लागली, तर दोर बदलावा. मोटर टांगण्यासाठी हा दोर घेण्यास हरकत नाही. गाळ काढायला माणूस विहिरीत उतरवायचा असेल, तर मात्र हा दोर मुळीच वापरू नये.