वकिली दस्तऐवज-प्रणालीतील एक्सेल तक्ता: ब्राउझरमध्ये संपादावा की संगणकावर उघडावा?

नेटडॉक्युमेंट्स किंवा आयमॅनेजसारख्या प्रणालीत प्रकरणांचे कागद ठेवणाऱ्या वकिली कार्यालयापुढे एक्सेल तक्त्यांबाबत दोन मार्ग असतात. एक, फाइल ‘चेक-आउट’ करून, म्हणजे आपल्या ताब्यात घेऊन, संगणकावरील एक्सेलमध्ये उघडावी आणि काम संपल्यावर ‘चेक-इन’ करावी, म्हणजे प्रणालीत परत ठेवावी. दुसरा, प्रणालीतूनच ती ब्राउझरमधील एक्सेलमध्ये उघडून तिथेच बदल करावेत. सगळ्या कार्यालयासाठी एकच मार्ग ठरवून टाकणे सोयीचे वाटते, पण ते चुकीचे आहे; प्रत्येक तक्ता कशासाठी आहे हे पाहूनच निर्णय घ्यावा.

लवादातील दाव्याचा तक्ता घेऊ. थकलेली बिले, त्यांवरील व्याज आणि पक्षकाराच्या लेखापालाने कळवलेल्या दुरुस्त्या, अशा कामावर सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी दोन-तीन जण एकाच वेळी बसलेले असतात. चेक-आउट पद्धतीत फाइल एकाच्या ताब्यात असते व इतरांना ती फक्त वाचता येते. मग घाईत कोणीतरी प्रत काढून ईमेलने फिरवतो आणि सकाळी दोन तक्त्यांतील व्याजाची बेरीज जुळत नाही. ब्राउझरमध्ये सहसंपादनाची सोय असेल तर सर्वजण एकाच फाइलमध्ये लिहितात. शिवाय चेक-आउट करून सहकारी रजेवर गेला, तर तो ताबा कोणीतरी सोडवावा लागतो. ‘वोपी’ या, ब्राउझरमधील ऑफिस अशा प्रणालींना जोडणाऱ्या नियमावलीवर चालणाऱ्या ऑनलाइन जोडणीत मात्र फाइलवरील नूतनीकरण न झालेले कुलूप ३० मिनिटांनी आपोआप सुटते.

गोपनीयतेच्या दृष्टीनेही फरक पडतो. या प्रणाली चेक-आउट केलेल्या फाइलची प्रत संगणकावरील एका फोल्डरमध्ये (उदा. नेटडॉक्युमेंट्सच्या ‘एको’ फोल्डरमध्ये) ठेवतात, त्यामुळे लॅपटॉप हरवल्यास पक्षकाराचे आकडेही त्याच्याबरोबर जाऊ शकतात. ब्राउझरमध्ये काम केल्यास, फाइल मुद्दाम उतरवून घेतली नाही, तर अशी प्रत मागे राहत नाही.

तरीही काही तक्ते संगणकावरच उघडावेत. ज्या फाइलमध्ये व्याजाची आकडेमोड व्हीबीए मॅक्रोवर, म्हणजे एक्सेलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर, चालते, ती ब्राउझरमध्ये उघडते, तिच्यातील मॅक्रो जसेच्या तसे टिकतात, पण चालत नाहीत; परिणामी नवी तारीख घातल्यावरही जुनाच आकडा दिसत राहू शकतो, आणि मुदतीच्या हिशेबात ही चूक सहज नजरेतून सुटते. लाखो ओळींच्या बँक उताऱ्यांसाठीही संगणकच बरा, कारण ब्राउझरला फाइलच्या आकाराची मर्यादा असते आणि न्यायालयाच्या आवारातील नेटवर्कवर विसंबता येत नाही.

सर्वात अधिक काळजी आवृत्त्यांची घ्यावी. ब्राउझरमध्ये जतन आपोआप होते, म्हणून ‘सेव्ह न करता बंद’ करून मागे फिरण्याचा मार्ग उरत नाही. प्रणाली त्या बदलांची नवी आवृत्ती केव्हा करते हे सेवा पुरवणाऱ्याकडून लेखी समजून घ्यावे, आणि तोवर कामाआधी आपणच नवी आवृत्ती तयार करावी. पुराव्यातील फाइलबाबत तर मी कोणतीही सवलत देणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळख-संख्या, नमूद करावे लागते. विरुद्ध पक्षाकडून आलेली किंवा पक्षकाराच्या यंत्रावरून घेतलेली एक्सेल फाइल ब्राउझरमध्ये संपादनासाठी उघडली, एका कप्प्यात चुकून एक अक्षर पडले आणि ते आपोआप जतन झाले, तर हॅश मूल्य बदलते. मग आपण दाखल केलेली फाइल तीच आहे, हे सांगताना आपलीच बाजू लंगडी पडते. मूळ फाइल प्रणालीत केवळ-वाचन म्हणून कुलूपबंद ठेवावी, तिचे हॅश मूल्य आधीच नोंदवावे आणि विश्लेषण वेगळ्या नावाच्या प्रतीवर करावे. ही शिस्त संगणकावरील एक्सेललाही लागू आहे. ब्राउझरमध्ये ती मोडणे अधिक सोपे असते, एवढेच.

निर्णयाआधी आपल्या कार्यालयातील सर्वात जुना व्याजाचा तक्ता निवडून त्याची प्रत दोन्ही पद्धतींनी चालवून पाहावी. त्यातील मराठी मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अक्षरे वाचता येत नाहीत. ऑनलाइन फाइल कोणीही कुठूनही उघडणार असल्याने तो मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, करून घ्यावा.