गॅरंटी केबिनचा स्वस्तपणा महाग पडतो: नागपूरहून क्रूझ घेणाऱ्यांसाठी वापरानंतरचा अनुभव

मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची क्रूझ घ्यावी की सिंगापूर गाठून रॉयल कॅरिबियन कंपनीची किंवा ‘गेंटिंग ड्रीम’ जहाजाची, हा प्रश्न नागपुरात सगळे आधी विचारतात. हिवाळ्यापासून दोन्ही प्रकार वापरल्यावर माझं ठाम मत झालंय की हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते एवढंच: बुकिंगच्या दिवशीच केबिनचा नंबर हातात मिळतोय का? सीताबर्डीवरच्या एका एजंटने ‘सगळं धरून’ म्हणत दिलेल्या दरात केबिन गॅरंटीची निघाली, आणि कोटेशनवर त्याची खूण म्हणून एका कोपऱ्यात फक्त ‘जीटीवाय’ लिहिलं होतं. हे लिहिण्याचं कारण तेच.

गॅरंटीत तुम्ही फक्त प्रकार विकत घेता: आतली, खिडकीची किंवा बाल्कनीची. नंबर कंपनी मागाहून ठरवते, कधी कधी निघायच्या दोन-चार दिवस आधी, आणि मग तो बदलून मिळत नाही. घेतलेल्या प्रकाराच्या खालची केबिन देत नाहीत. वरची क्वचित मिळते, आणि त्या क्वचितच्या जोरावरच एजंट ती गळ्यात मारतो. पण इतरांनी नकाशा पाहून टाळलेल्या केबिनच शेवटी उरणार, हे तो सांगत नाही. दोन केबिन घेतल्या तर आजी-आजोबा एका डेकवर (मजल्यावर) आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला, असंही होतं. थोडेसे पैसे वाचवण्यासाठी इतकी जोखीम घेणं मला मुळीच पटत नाही.

डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा, कंपनीच्या साइटवर फुकट असतो. केबिनच्या नंबरातले सुरुवातीचे एक-दोन आकडे म्हणजे डेक. आपला डेक उघडा, त्याच्या वरचा आणि खालचा डेकही शेजारी उघडा. तिन्ही पानं जुळवायला लिफ्टची जागा धरा, ती प्रत्येक डेकवर त्याच ठिकाणी असते. वर पूल किंवा बुफे असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट छतातून येतो. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्र उलटेपर्यंत बास जमिनीतून जाणवत राहतो. नकाशावर जिथे काहीच लिहिलेलं नसतं, तिथे बहुधा पँट्री किंवा कर्मचाऱ्यांची वर्दळीची जागा असते आणि ट्रॉल्यांची खडखड अवेळीही चालते. म्हणून वरही केबिन आणि खालीही केबिन, अशीच जागा निवडा. दोन केबिनांमध्ये त्यांना जोडणाऱ्या दाराची खूण असेल तर ती कुटुंबासाठी सोय आहे. अनोळखी शेजार असेल तर त्यांचं खोकणंसुद्धा ऐकू येतं, कारण दार भिंतीइतका आवाज अडवत नाही.

अगदी पुढच्या, खालच्या केबिनमध्ये आणखी एक त्रास आहे. बंदराला लागताना जहाजाचं तोंड आडवं सरकवण्यासाठी बो थ्रस्टर चालतात, आणि ते बहुतेक वेळा सकाळी सकाळीच. नांगर टाकला की साखळीचा आवाज वेगळा. अगदी मागच्या टोकाला प्रोपेलरची थरथर असते. डोलण्याचं गणितही सरळ आहे: जहाज पुढे-मागे डोलतं तेव्हा दोन्ही टोकं जास्त वर-खाली होतात, बाजूंना कलतं तेव्हा वरचे मजले जास्त झुलतात. मळमळीचा त्रास असणाऱ्याने लांबीच्या मध्यावरची, खालच्या डेकची केबिन घ्यावी आणि डॉक्टरांना विचारून गोळी जहाज सुटण्याआधीच घ्यावी.

बाल्कनीबद्दलचं मत मात्र वापरता वापरता बदललं. बाल्कनी नसेल तर क्रूझ कसली, असंच सुरुवातीला वाटायचं. मुंबई–गोवा फेरीत जहाज संध्याकाळी सुटतं, रात्र अंधारात जाते आणि दिवसा माणसं गोव्यात उतरलेली असतात. कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ १९९० सालची, त्यामुळे बाल्कनीच्या केबिन थोड्या आणि महाग. इथे मध्यावरची आतली केबिन घेऊन उरलेले पैसे एका जादा रात्रीला लावणं शहाणपणाचं. पण आतल्या केबिनमध्ये दिवस-रात्र कळत नाही, तेव्हा लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर निदान खिडकी घ्या. सिंगापूरहून निघणाऱ्या सफरीत सामुद्रधुनीतली जहाजांची रांग दिवसाउजेडी दिसते. तिथे बाल्कनीचे पैसे वसूल होतात.

लक्षद्वीपच्या सफरीत जहाज किनाऱ्याला लागत नाही. बाहेर नांगरतं आणि छोट्या बोटीने न्यावं लागतं. लाटा मोठ्या असल्या की उतरणं रद्द, आणि परत मिळतात ते जास्तीत जास्त त्या बंदराचे कर. फक्त लक्षद्वीपसाठी जात असाल तर क्रूझ घेऊ नका.

नागपूरकरांची खरी अडचण सुट्ट्यांची आहे. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनअखेरीस उघडतात, म्हणून जूनचा पहिला पंधरवडा मोकळा वाटतो. नेमका तेव्हा अरबी समुद्र खवळतो आणि मुंबईचा हंगाम संपलेला असतो. जूनमध्ये सिंगापूर जमतं, पण तिथल्याही शाळांना तेव्हाच सुट्टी असल्याने दर चढे असतात. मुंबईसाठी दिवाळीची सुट्टी सर्वांत चांगली.

मुंबईला विमानाचा हट्ट नको. दुरांतो किंवा विदर्भ एक्स्प्रेस सीएसएमटीला सोडते आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांवर. विमानतळावरून आलात तर अख्खं शहर ओलांडावं लागतं. तरीही त्याच सकाळची गाडी धरू नका, एक दिवस आधी पोचा, चेक-इन सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. सिंगापूरला नागपूरहून थेट विमान नाही, आणि दोन वेगवेगळी तिकिटं काढली तर पहिल्याच्या उशिराची भरपाई दुसरी कंपनी देत नाही. सिंगापूरहून सुटून तिथेच परतणं म्हणजे देशात दोनदा प्रवेश, तेव्हा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा. अरायव्हल कार्ड, म्हणजे प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, दोन्ही वेळा भरावं लागतं. सरकारी साइटवर ते फुकट आहे, त्याचे पैसे कुणाला देऊ नका.

दर तुलना करताना जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवा. तो दोघांनी एक केबिन वाटून घेतल्यावर माणशी असतो आणि एकट्याला बहुधा दुप्पट पडतो. भाडं, बंदर शुल्क, कर आणि टिप एकत्र करून रात्रींनी भागा, मग बोला. परदेशी जहाजांवर टिप माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर आपोआप लागते, मुलांनाही. १८ डॉलर धरले तर चौघांचे ४ रात्रींचे २८८ डॉलर होतात, आणि एजंटच्या ‘सगळं धरून’मध्ये हे नव्हतेच. परदेशी पॅकेजवर टीसीएस (विक्रेत्याने आधीच वसूल केलेला कर) कापला असेल तर तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, फक्त पॅन बरोबर दिलेला असावा.

सामानात इलेक्ट्रिक केटल, इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टरची पट्टी नको, तपासणीत काढून ठेवतात. संत्रा बर्फीचं सीलबंद खोकं सहसा चालतं, घरचे उघडे पदार्थ अडतात. औषधं, पासपोर्ट, पोहण्याचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवा, मोठी बॅग केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते. भिंती पोलादी असतात, चुंबकाचे हुक फार कामी येतात. जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच नोंदवा.

जहाजावरच्या खात्याला डेबिट कार्ड जोडू नका. जहाज रोज रक्कम अडवून ठेवतं आणि शेवटचं बिल वेगळं वळतं केल्यावरही अडवलेले पैसे खात्यात दिसायला कित्येक दिवस जातात. क्रेडिट कार्ड द्या आणि बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार घरूनच चालू करून निघा, कारण भर समुद्रात ओटीपी यायला नेटवर्क नसतं.