क्षीरसागर कोळेकरांच्या खाली कसे? जँगो-पोस्टग्रेसचे सात महिने

उबंटू 24.04 या मोफत लिनक्स प्रणालीवर जँगो (वेबसाइट बनवण्याची मोफत चौकट) आणि पोस्टग्रेस (माहिती साठवणारा मोफत डेटाबेस) बसवून आमच्या खानापूरच्या वाचनालयाची सभासदनोंद चालवायला लागून आता सात महिने झाले. चार जीबी रॅमच्या जुन्या संगणकावरच हे काम भागवायचे ठरले होते, कारण सभासदांच्या वर्गणीतून पुस्तके यावीत, परवान्याच्या शुल्कात ती जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

पहिले दोन दिवस परवानग्यांतच गेले. त्याच संगणकावरून होस्ट (डेटाबेस असलेल्या संगणकाचे नाव) न लिहिता जोडणी केली की पोस्टग्रेस पासवर्ड न विचारता लिनक्सवरील वापरकर्त्याचे नाव पाहतो. ते डेटाबेसच्या युजरशी जुळत नसल्याने ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ (ओळख पटली नाही) असे येत राहिले. अशा वेळी पोस्टग्रेसच्या प्रवेशनियमांच्या फाइलमध्ये ‘ट्रस्ट’ लिहून मोकळे होऊ नये, कारण मग त्या संगणकावर बसणाऱ्या कोणालाही पासवर्डाशिवाय आत शिरता येते. जँगोच्या सेटिंग्जमध्ये होस्ट म्हणून लोकलहोस्ट (म्हणजे हाच संगणक) लिहिले की पासवर्ड विचारून जोडणी होते, तेवढे पुरते. पुढे मायग्रेट करताना (म्हणजे जँगोकडून डेटाबेसमध्ये टेबल बनवून घेताना) पब्लिक स्कीमा या टेबलांच्या सामाईक कप्प्यावर अडले; पोस्टग्रेसच्या 2022 च्या पंधराव्या आवृत्तीपासून तिथे टेबल करण्याची मुभा सर्वांना नसते, म्हणून डेटाबेसची मालकीच त्या युजरला दिली.

मला खरी बोच लागली ती यादीच्या क्रमाची. पहिल्या छापील यादीवर बोट ठेवून ग्रंथपाल बाईंनी विचारले, “क्षीरसागर कोळेकरांच्या खाली कसे आले?” आपल्या वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात, इथे मात्र क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये जाऊन बसला होता. या डेटाबेसला मराठी कळत नाही, असे मी त्या दिवशी ठरवून टाकले, आणि ते माझे मत चुकीचे निघाले. जँगोच्या 3.2 आवृत्तीपासून मजकुराच्या फील्डला (रकान्याला) ‘डीबी कोलेशन’ (अक्षरक्रमाचा नियम) देता येते. आडनावाच्या फील्डला ‘एमआर-एक्स-आयसीयू’ (भाषावार क्रम लावणाऱ्या आयसीयू या संगणकीय संचातला मराठी क्रम) दिले, मायग्रेशन चालवले आणि क्षीरसागर शेवटच्या पानावर, ह च्या सगळ्या आडनावांनंतर आले. सीमाभागातील वाचनालय असल्याने काही सभासद नाव कन्नडमध्ये लिहून देतात. त्या रकान्याला ‘केएन-एक्स-आयसीयू’ दिले आहे.

तक्रार एकच उरते, ती म्हणजे हे प्रत्येक फील्डला वेगळे सांगावे लागते. पुस्तकांच्या शीर्षकांना ते द्यायचे राहिले आणि ‘ज्ञानेश्वरी’ चार महिने ज मध्येच दिसत होती. डेटाबेस तयार करतानाच आयसीयूचा मराठी क्रम ठरवण्याची सोय त्याच पंधराव्या आवृत्तीत आली आहे, हे मला उशिरा कळले. मार्चअखेरीस वार्षिक मोजणीसाठी वाचनालय बंद असेल, तेव्हा बॅकअप घेऊन नवा डेटाबेस तसाच उभारणार आहे.