ट्रेनिंग किचनचं ‘सरकारी अनुदान’ : 5,78,000 रुपये असे गेले

विनाअनुदानित कॉलेजात केटरिंगचा कोर्स चालवणाऱ्यांनी हे वाचाच. आमच्या संस्थेला एका ‘ग्रँट कन्सल्टंट’ने 5,78,000 रुपयांना बुडवलं.

प्रोजेक्ट रिपोर्टची फी 1,00,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,18,000. मग 42,50,000 रुपयांचं मंजुरीपत्र आलं आणि त्याच्या दहा टक्के ‘संस्थेचा हिस्सा’ म्हणून 4,25,000 आरटीजीएसने गेले. वर ‘इन्स्पेक्शन’चे 35,000 रोख.

विश्वस्तांना नावं ठेवण्याआधी ते पत्र बघा. राजमुद्रा, फाइल नंबर, अवर सचिवांची सही. सोबतची यादी किचन कळणाऱ्यानेच केलेली: फोर बर्नर रेंज, कॉम्बी ओव्हन, सॅलॅमँडर, डीप फ्रीजर, एक्झॉस्ट हूड, सगळं मापांसकट. योजनेचं नावही खरं, ‘हुनर से रोजगार तक’. पर्यटन मंत्रालयाने ती 2009-10 मध्ये सुरू केली, फूड प्रॉडक्शन आणि सर्व्हिसचे छोटे मोफत कोर्स त्यात चालले. खऱ्या नावाआड खोटा कागद सरकवला की कुणाला संशय येणार?

चोर सापडत होता तो पहिल्याच बिलात. डोकं फिरतं ते आठवून. लेटरहेडवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’, पत्ता दिल्लीचा. जीएसटी नंबर मात्र 27 ने सुरू होणारा, म्हणजे नोंदणी महाराष्ट्रातली; दिल्लीचा 07 असतो. दोन्ही पार्ट्या महाराष्ट्रातल्या, तर केंद्राचा सीजीएसटी 9 आणि राज्याचा एसजीएसटी 9 टक्के लागायला हवा. बिलात दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा आयजीएसटी 18! त्याच नंबरातलं सहावं अक्षर ‘पी’. जीएसटी नंबरात तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत पॅन असतो आणि पॅनचं चौथं अक्षर खातेदार कोण ते सांगतं: कंपनीला ‘सी’, ट्रस्टला ‘टी’, एकट्या माणसाला ‘पी’. कंपनी नव्हतीच, एक माणूस होता. कॉलेजच्या शिक्षणसेवेवर जीएसटी माफ, त्यामुळे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, घ्यायचं नसतं आणि पुरवठादाराचा नंबर अकाउंट्समध्ये कुणी तपासत नाही. बहुतेक कॉलेजांत हेच चालतं आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

केंद्राचं अनुदान खासगी खात्यातून फिरत नाही. संस्थेची पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी निधीचा हिशेब ठेवणाऱ्या पोर्टलवर, नोंद लागते, एनजीओ असेल तर नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा युनिक आयडी लागतो, खर्चानंतर केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर 12-ए नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. आमच्याकडे यातलं एकही मागितलं नाही, मागितले ते फक्त पैसे. मंजुरीपत्राचा ईमेल जीमेलवरून आला असेल तर तिथेच थांबा.

आणि यंत्रणा? पोलीस ठाण्यात ऐकवलं, ‘हा दिवाणी वाद आहे, वकील गाठा.’ अहो, बनावट राजमुद्रा हा दिवाणी वाद? सायबरवाले म्हणाले, आरटीजीएस तुम्हीच बँकेत जाऊन केलंत, हा ऑनलाइन गुन्हा नाही. बँक म्हणाली, सही तुमची, खाते नंबर तुम्ही दिलेला. समोरच्या बँकेने खातेदाराचं नाव सांगायलाही नकार दिला, गोपनीयता म्हणे! फसवणाऱ्याची गोपनीयता जपायची आणि फसलेल्याने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर अर्ज नाचवायचा. ‘एवढे शिकलेले लोक तुम्ही’ हे तर प्रत्येक खुर्चीने ऐकवलं. दरम्यान खातं रिकामं झालं. पहिल्या तासात ते गोठवलं असतं तर निदान 4,25,000 अडले असते.

म्हणून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आधी फोन करा, ठाण्यात नंतर जा. ‘आमची हद्द नाही’ म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही नोंद करावी लागते. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. आरटीजीएसमध्ये पैसे खाते नंबरावर जमा होतात, तुम्ही लिहिलेल्या नावावर नाही. नाव पडताळायची सोय एप्रिल 2025 पासून बँकांनी द्यायची आहे, ती वापरल्याशिवाय चलनावर सही करू नका. मंजुरीपत्राचा फाइल नंबर थेट केंद्राच्या संबंधित मंत्रालयाला विचारा. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं, आणि ते हातात येईपर्यंत कन्सल्टंटला एक रुपयाही सोडू नका.