यंत्रानं पैसे अडवले होते, मीच सोडवले

माझे १०,६४,००० रुपये गेले. लोकांना वाटतं, ओटीपी सांगितला असेल. तसं काही झालं नाही. एकेक रुपया मी नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या घरी, चष्मा लावून, स्वतः पाठवला. आणि मधे एकदा बँकेनं तो अडवलाही होता, हे मी फार जणांना सांगितलेलं नाही.

सुरुवात नेहमीचीच. शेअर टिप्सचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, गोड बोलणारी एक मॅडम, लिंकवरून उतरवलेलं अ‍ॅप. ५,००० भरले, नफा दिसला, ६,००० काढून पाहिले तर खरंच खात्यात आले. तिथेच गळाला लागलो. मग २०,०००, मग ४५,०००. पैसे कुठल्याशा ट्रेडर्सच्या चालू खात्यात जायचे. हे ब्रोकरचं नाव नाही, असं मी विचारलंही. ‘आमचे पेमेंट पार्टनर आहेत.’ बरं म्हटलं!

मग ‘आयपीओ लागला’, म्हणजे कंपनीचे नवे शेअर मिळाले, म्हणून ४ लाख मागितले. मॅडमनं आदल्या दिवशीच बजावलं, बँकेचा फोन येईल, शेअर म्हणाल तर उगाच कागद मागतील, घराचं काम सांगा. बँकेचा फोन येणार हे हिला आधीच कसं ठाऊक, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. फोन आला. पैसे थांबवलेत, तुम्हीच पाठवताय ना, कोणाला, कशासाठी? मी म्हटलं, वरचा मजला बांधतोय, ठेकेदाराला द्यायचेत. वर ‘माझेच पैसे मलाच विचारता का’ म्हणून आवाजही चढवला. पैसे सुटले. चार दिवसांनी त्याच खात्यात ६ लाख पाठवले, तेव्हा कोणाचाच फोन आला नाही.

असं का, ते भाच्यानं समजावलं. तो मिहानमधल्या एका कंपनीत बँकांचे संशयास्पद व्यवहार पकडायचंच काम करतो.

“मामा, पयले ठरलेले नियम राहायचे. अमुक रकमेच्या वर गेलं की थांबवा. चोरांना तो आकडा समजला की ते त्याच्या खाली राहात. आता यंत्र तुमची सवय शिकते. रक्कम किती, वेळ कोणती, मोबाइल कोणता, समोरचं खातं नवं की जुनं. त्यावरून धोक्याचे गुण पडतात. गुण चढले की व्यवहार अडते, माणूस फोन करते. तुम्ही जे सांगता ते पुन्हा यंत्राला शिकवतात. तुम्ही काहून हो म्हणून दिलं?”

कोणी पासवर्ड चोरला तर मोबाइल वेगळा असतो, वेळ भलतीच असते, यंत्राला संशय येतो. इथे मोबाइल माझा, घर माझं, दुपारचे तीन ही माझीच वेळ. छोट्या रकमा माझा विश्वास बसावा म्हणून होत्या, तशाच त्या खात्याची यंत्राला सवय व्हावी म्हणूनही. उरलेलं काम माझ्या ‘हो’नं केलं. हजारो सरळ व्यवहारांत एखादा वाकडा असतो. सगळेच अडवले तर गिऱ्हाईक ओरडतं. मी ओरडलोच होतो.

पैसे घेणारं ते चालू खातंही भाड्याचंच निघालं, म्हणजे कोणीतरी चोरांना वापरायला दिलेलं. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं ‘म्यूलहंटर’ नावाचं यंत्र बनवलंय, डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना त्यासाठी हबबरोबर काम करायचं आवाहनही केलं. माझे पैसे मात्र तिथून काही मिनिटांत पुढच्या खात्यांत पांगले होते.

नफा काढायला गेलो तर आधी ‘टॅक्स’ भरा म्हणाले. तेव्हा कळलं, तरी लाजेपायी दोन दिवस गप्प बसलो. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावेपर्यंत पुढच्या एका खात्यात ३८,००० तेवढे उरले होते, ते गोठवले. तुम्ही तासाभरात लावा, बायको ओरडली तरी चालेल. बँकेकडून भरपाई मिळाली नाही. ६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांना होतं, आणि माझी संमती तर त्यांच्याकडे रेकॉर्ड झालेली.

सायबर ठाण्यात तक्रार लिहिताना हवालदारानं विचारलं, बँकेला काय सांगितलं होतं? सांगणं भाग होतं. बायको शेजारच्या खुर्चीवर बसली होती.

“वरचा मजला?” ती म्हणाली. “कोणता वरचा मजला?”