लोडिंग २५ टक्के सांगून ३३ टक्क्यांचा फ्लॅट गळ्यात मारला, पुण्यात रिसेल बघताय तर वाचा

सिंहगड रोडला रिसेल फ्लॅट घेताना एका एजंटने नुसता टक्क्यांचा खेळ करून आमचे पावणेचार लाखांच्या वर पैसे जास्त घालवले. सगळ्यात संतापजनक म्हणजे त्याने सांगितलेला एकही आकडा खोटा नव्हता, त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार. म्हणून सगळे आकडे इथे लिहितेय, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडून वाचा.

आनंदनगरच्या बाजूला दोन फ्लॅट पसंत पडले होते. एक मोठा, सेलेबल (जिना-लॉबीचा वाटा वगैरे धरून ज्यावर किंमत लावतात ते क्षेत्रफळ) १००० स्क्वेअर फूट, कार्पेट (घराच्या आत प्रत्यक्ष वापरायला मिळतं ते) ७५०, रेट सेलेबलच्या फुटाला ७६००, म्हणजे ७६ लाख. दुसरा जरा लहान, सेलेबल ९१०, कार्पेट ७००, रेट ७४००, म्हणजे ६७ लाख ३४ हजार. दोन्ही बिल्डिंगी रेराच्या आधीच्या. नवीन प्रोजेक्टला २०१६ चा रेरा कायदा आहे, तिथे बिल्डरला कार्पेटवरच बोलावं लागतं, पण जुन्या बिल्डिंगच्या रिसेलमध्ये आपल्याकडे अजून सगळे सर्रास सेलेबलच बोलतात, आणि खरी मेख तिथेच आहे.

आम्ही एजंटला विचारलं की दोन्हीत फायद्याचा कुठला. त्याने तिथल्या तिथे वहीच्या पानावर लोडिंगचा, म्हणजे कार्पेटवर किती चढवून सेलेबल केलंय त्याचा हिशोब मांडला. म्हणाला, "ताई, हे बघा, लहानाला ३० टक्के लोडिंग आहे आणि मोठ्याला फक्त २५. रेटमध्ये फरक २०० रुपयांचा, म्हणजे २.७ टक्के. पावणेतीन टक्के जास्त देताय आणि लोडिंगमध्ये पाच टक्के वाचवताय, अजून काय पाहिजे?" ते पान फाडून त्याने नवऱ्याच्या हातात दिलं. ऐकायला इतकं सरळ होतं की पाच टक्के मोठे का पावणेतीन, एवढाच प्रश्न समोर उरला. दोन दिवसांत दुसरं गिऱ्हाईक टोकन देतंय अशी घाई त्याने केलीच होती, ती तर यांची ठरलेली असते. आम्ही मोठ्या फ्लॅटसाठी दोन लाख विसार दिला, विसारपावतीत व्यवहार मोडला तर पैसे परत नाहीत अशी ओळ होती.

आता त्या पानावर त्याने काय केलं होतं ते नीट बघा. लहान फ्लॅटला सेलेबल आणि कार्पेटमधला फरक २१०. तो त्याने कार्पेटने भागला, २१० भागिले ७००, आले ३० टक्के. बरोबर, लोडिंग असंच काढतात, कार्पेटवर किती चढवलं ते. मोठ्या फ्लॅटला फरक २५०. तो मात्र त्याने सेलेबलने भागला, २५० भागिले १०००, आले २५ टक्के. एकाला कार्पेटने भागलं आणि दुसऱ्याला सेलेबलने. दोन्हीला कार्पेट धरलं असतं तर मोठ्याचं लोडिंग २५० भागिले ७५०, म्हणजे ३३.३ टक्के. दोन्हीला सेलेबल धरलं असतं तर मोठ्याला २५ आणि लहानाला २३ टक्के. म्हणजे कुठल्याही एका पद्धतीने काढा, मोठा फ्लॅटच महाग पडतो. पाच टक्के वाचत होते असं तो म्हणाला, प्रत्यक्षात सव्वातीन टक्के जास्त लोडिंग आम्ही घेत होतो आणि त्याच्यावर रेट पण जास्त देत होतो.

कार्पेटच्या भावाने बघितलं की सगळं उघडं पडतं. ७६ लाख भागिले ७५०, म्हणजे १०,१३३ रुपये फूट. लहान फ्लॅट ६७ लाख ३४ हजार भागिले ७००, म्हणजे ९,६२० रुपये फूट. त्याच ९,६२० ने आमचे ७५० फूट धरले तर ७२ लाख १५ हजार होतात. वरचे ३ लाख ८५ हजार कशाचे दिले याचं उत्तर त्याच्याकडे नाही. लहानाच्या भावापेक्षा आम्हाला ५.३ टक्के महाग पडलं. हेच तो "तुमच्या भावापेक्षा तिकडे ५.१ टक्केच स्वस्त आहे" असं सांगू शकतो आणि तेही बरोबर असतं, कारण तेव्हा तो १०,१३३ ने भागतो. ज्याच्याशी तुलना करतोय तो आकडा खाली पाहिजे, हे शाळेत शिकलेलं आहे सगळ्यांनी, पण समोरचा माणूस खालचा आकडा गुपचूप बदलतो तेव्हा कळत नाही.

हे बाहेर आलं ते बँकेच्या व्हॅल्युएशनमुळे, म्हणजे लोन देण्याआधी बँक फ्लॅटची किंमत स्वतः ठरवते त्यामुळे. बँकेच्या माणसाने ७१ लाख किंमत धरली आणि लोन त्याच्या ८० टक्केच मिळणार, म्हणजे ५६ लाख ८० हजार. ७६ वर ८० टक्के धरून आम्ही ६० लाख ८० हजारांची जुळवाजुळव केली होती, चार लाख अचानक कमी पडले. रिपोर्टमध्ये लोडिंग ३३ टक्के स्पष्ट लिहिलेलं होतं. मग आम्ही आमच्या खर्चाने दुसरा व्हॅल्युअर नेमला, त्याने ७३ लाख धरली. इथे दोन्ही नुसते अंदाज, कुणी मूळ आणि कुणी नंतरचा असं काही नाही, अशा वेळी फरक दोघांच्या सरासरीने भागतात, २ भागिले ७२, म्हणजे २.८ टक्के. एवढा फरक दोन व्हॅल्युअरमध्ये चालतो. पण ७६ च्या जवळ दोघांतलं कुणीच गेलं नाही. आणि एजंट फोनवर काय म्हणतो, "साडेसहा टक्क्यांचा तर फरक आहे". पाच लाखांचा फरक त्याने परत ७६ ने भागला! ७१ ने भागला की सात टक्के.

तोपर्यंत लहान फ्लॅट विकला गेला होता आणि विसाराचे दोन लाख अडकलेले, मोडलं असतं तर ते गेले असते आणि शोधाशोध पहिल्यापासून. आईचे दागिने ठेवून वरचे पैसे उभे केले, याचा राग अजून जात नाही. तिने ते देताना एक शब्द काढला नाही.

एवढ्यावर पण थांबला नाही तो. ब्रोकरेज एक टक्का ठरलेलं, रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी म्हणाला दोन द्या, "एकच टक्का तर वाढवलाय". एकाचे दोन झाले की ती वाढ एक टक्क्याची नसते, १०० टक्क्यांची असते, ७६ हजारांचे सरळ १ लाख ५२ हजार. सुदैवाने एक टक्क्याचा त्याचाच व्हॉट्सअॅप मेसेज होता, तो त्याला परत पाठवला आणि ७६ हजारच दिले. त्यामुळे प्रत्येक गोष्ट मेसेजवर लिहून घ्या, तोंडी काहीही ऐकू नका.

विसार द्यायच्या आधी मालकाकडून इंडेक्स टू (फ्लॅटच्या नोंदणीचा सरकारी उतारा) मागा. त्यात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, त्याला १०.७६४ ने गुणा. आमच्यात ६९.६८ होतं, म्हणजे ७५०. मात्र ते कार्पेट लिहिलंय का बिल्टअप ते आधी वाचा, जुन्या कागदात बिल्टअप पण असतं. मग एकूण किंमत भागिले कार्पेट, बास, टक्के काढूच नका. आणि एजंटने काढून दाखवले तर कशाने भागलं ते त्याच्याकडूनच लिहून घ्या.

आमच्या ऑफिसमधल्या एका मुलीला आत्ता वारज्यात सेलेबल ९००, कार्पेट ७०० चा फ्लॅट "२२ टक्के लोडिंग" म्हणून दाखवतायत. २०० भागिले ७०० केलं की २८.६ येतं. तिने टोकन थांबवलंय आणि कार्पेटच्या भावाने कोटेशन लेखी मागितलंय.