घरीच शिकणारं मूल: वेळापत्रक, माँटेसरी, वॉल्डॉर्फ की मोकळीक?

गणित चालू आहे, हातच्याची वजाबाकी. तेवढ्यात मुलीला भिंतीकडेने चाललेली मुंग्यांची रांग दिसते. एक मुंगी स्वतःपेक्षा मोठा तुकडा ओढतेय. पेन्सिल बाजूला पडते आणि मुलगी जमिनीवर पालथी. घरी शिकवण्याची पद्धत निवडताना मी पालकांना आधी हेच विचारते: अशा वेळी तुम्ही काय कराल? कुठली पद्धत तुम्हाला झेपेल, हे त्या उत्तरातून बरंचसं कळतं.

शाळेसारखं वेळापत्रक

इथे मुंग्या थांबतात, वजाबाकी आधी संपते. पुढे कधी शाळेत परत जायचं असेल, किंवा आईवडील दोघेही नोकरी करत असतील, तर ही घडी मोठा आधार देते. पण घंटा ही भरलेल्या वर्गाची गरज आहे. एकट्या मुलाशेजारी बसून शिकवलं की तासाचं काम बरेचदा अर्ध्या वेळात उरकतं. उरलेला वेळ आणखी वर्कशीट देऊन भरला, की मुलाच्या हाती स्वतःचा असा वेळच उरत नाही. कल्पना नेमक्या त्याच वेळात सुचत असतात, म्हणून ही पद्धत घ्यायची तर वाचलेला वेळ मुलाला परत द्या.

माँटेसरी आणि वॉल्डॉर्फ

ही दोन नावं एका दमात घेतली जातात, पण कल्पनाशक्तीच्या बाबतीत त्यांची तोंडं विरुद्ध दिशांना आहेत.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत लहान मुलांची पहिली शाळा सुरू केली. मुलाच्या मापाची पण खरी अवजारं, फुटू शकणारा काचेचा पेला, आणि कुणी मध्ये न बोलता मिळणारा सुमारे तीन तासांचा सलग वेळ. चार वर्षांच्या मुलाच्या हाती खरी सुरी देणं हे माझ्या लेखी मोठं धाडस आहे, मुलाचं आणि आईचंही. मात्र लहान वयात आधी वास्तव, परीकथा नंतर, असा त्यांचा आग्रह होता. साधन वापरायची रीतही ठरलेली असते. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे एक ते दहा सेंटिमीटरचे, उतरत्या क्रमाने रचायचे. मुलाने त्यांची आगगाडी केली, तर कडक शिक्षक थांबवतील. घरी तुम्ही थांबवू नका.

रुडॉल्फ श्टाइनर यांची पहिली वॉल्डॉर्फ शाळा १९१९ मध्ये श्टुटगार्टला, एका सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी निघाली. इथे साधारण सातव्या वर्षापर्यंत अक्षरांची घाई नसते. त्याऐवजी गोष्टी, गाणी, माती, लोकर. बाहुलीचा चेहरा जवळजवळ कोरा ठेवतात, म्हणजे ती हसतेय की रडतेय हे मूलच ठरवतं. कल्पनेला इतकी जागा दुसरी कुठलीच पद्धत देत नाही. पण यामागे श्टाइनर यांचं आध्यात्मिक तत्त्वज्ञान आहे, ते तुम्हाला पटतं का हे आधी बघा. आणि चार वर्षांचं मूल आपण होऊन अक्षरं विचारत असेल, तर पद्धतीसाठी त्याला अडवू नये.

पूर्ण मोकळीक

‘अनस्कूलिंग’ हा शब्द अमेरिकी शिक्षक जॉन होल्ट यांनी १९७० च्या दशकात रुजवला. इथे मुंग्याच आजचा अभ्यास, उद्याचाही. बाहेरून हे पालकांना सोपं वाटतं, पण सगळ्यात जास्त मेहनत इथेच आहे: भिंग शोधून द्या, प्रश्न ऐका, नसलेलं उत्तर सोबत शोधा. मोबाइलशिवाय हाती लागण्यासारखं काही नसलेल्या घरात मात्र मोकळीक दोन दिवसांत पडद्यापाशी जाऊन बसते.

माझं मत

दोन्ही टोकांच्या मधली एक वाट मला सगळ्यात जवळची आहे. ब्रिटिश शिक्षिका शार्लट मेसन (१८४२–१९२३) लहान मुलांचे पाठ जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचे ठेवत. एकदाच वाचायचं, मग मुलाने ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. दुपार घराबाहेर, हातात निसर्गाची वही. वजाबाकी तशीही लवकर संपते आणि मुंग्या वहीत उतरतात.

धाडसाचं मात्र वेगळं बघावं लागतं, ते कुठल्याच पद्धतीसोबत आपोआप येत नाही. बागा आणि मैदानं आखणारे डॅनिश रचनाकार सोरेन्सन यांच्या लक्षात आलं होतं, की आखीव क्रीडांगणापेक्षा मुलं भंगारात आणि बांधकामाच्या जागी जास्त रमतात. त्यातून १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एम्ड्रुपला फळ्या, दोर, विटा आणि हातोड्यांचं मैदान उभं राहिलं. घरी एवढं करायला मैदान लागत नाही. चार खोकी, जुनी चादर, दोरी आणि ‘लगेच आवरा’ न म्हणणारं माणूस पुरतं.

झाडावर चढायचं तेव्हा धोक्याची वाटणी करून घ्या. फांदी किती उंच आहे हे मुलाला दिसतं, तो निर्णय त्याचा. फांदी आतून कुजलेली आहे हे त्याला दिसत नाही, ते आधी तपासणं आपलं काम. खाली उभं राहून ‘पडशील, पडशील’ म्हटल्याने त्याचं लक्ष फांदीवरून आपल्याकडे येतं. त्याऐवजी विचारा, ‘आता पाय कुठे ठेवणार?’